पडद्यावरील एक खिडकी : सी++ कंपायलरच्या मांडणीत येणाऱ्या अडचणींचे विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात काही गोष्टी इतक्या प्राथमिक समजल्या जातात की त्यांना अभ्यासक्रमात स्थानच मिळत नाही. विद्यार्थ्याच्या यंत्रावर कंपायलर बसविणे ही त्यांपैकी एक होय. मराठीत कंपायलरला ‘संकलक’ असा पर्याय सुचविला जातो. परंतु वर्गात शिक्षक व विद्यार्थी दोघेही कंपायलर असेच म्हणत असल्यामुळे प्रस्तुत लेखातही तोच शब्द योजला आहे. अक्षरी पडद्यावर चालणारे प्रोग्रॅम शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना खिडक्या, बटणे व मेनू असलेला प्रोग्रॅम लिहावयास सांगितला जातो. या टप्प्यावर भाषा जुनीच राहते, मात्र साधनांची मांडणी पूर्णपणे बदलते. हा बदल नेमका कोणता व त्यात अडचणी कोठे उद्भवतात, हे संगणकशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

या लेखास एक प्रसंग कारणीभूत झाला. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील पाणीपट्टीच्या नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम सी++ मध्ये तयार केला होता. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी दुपारी बारा वाजता तो आमच्या प्रयोगशाळेत चालत होता. आसनव्यवस्थेच्या अडचणीमुळे तिची तुकडी दुसऱ्या संगणककक्षात बसविण्यात आली. तेथे पेनड्राइव्हवरून उतरवून घेतलेला तोच प्रोग्रॅम उघडेना. एक फाइल सापडत नसल्याचा संदेश येई आणि सर्व थांबे. बहिःस्थ परीक्षकांनी तिला प्रयोगवही व तोंडी परीक्षा यांवरच गुण दिले, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “मॅडम, माझं काय चुकलं?” एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी वाक्यविन्यास-विश्लेषणाच्या पद्धतींचा अभ्यास केलेल्या आणि ‘कंपायलरची रचना’ हा विषय सात वर्षे शिकविणाऱ्या मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या उत्तराचे विस्तारित रूप आहे.

जुनी घडी व तिचे विस्कटणे

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत सी व सी++ या भाषांचे अध्यापन दीर्घकाळ बोरलँड कंपनीच्या टर्बो सी++ या साधनावर होत आले. टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आले; टर्बो सी++ ची तिसरी आवृत्ती १९९० च्या दशकाच्या आरंभीची आहे. त्या काळाचा विचार करता हे साधन असामान्य होते, हे मान्य केले पाहिजे. संपादक, कंपायलर, लिंकर व मदतपुस्तिका हे सर्व एकाच निळ्या पडद्यावर उपलब्ध होते. चित्र काढावयाचे असेल तर ग्राफिक्सची हेडर फाइल जोडून आरंभीच्या एका फंक्शनला बीजीआय फोल्डरचा पत्ता दिला की ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या पडद्यावर सोळा रंगांत वर्तुळ उमटत असे. आमच्या पिढीने ‘ग्राफिक्स’ म्हणून जे शिकले ते हेच.

तथापि ते साधन १६ बिट डॉससाठी निर्मिलेले होते. ६४ बिट पद्धतीत चालणाऱ्या प्रक्रियकावर जुन्या डॉस-प्रोग्रॅमांना आधार देणारी आभासी ८०८६ अवस्था उपलब्ध नसते; म्हणून ६४ बिट विंडोजमधून १६ बिट प्रोग्रॅम चालविण्याची सोयच वगळण्यात आली. प्रयोगशाळेत नवे संगणक आले त्या दिवशी टर्बो सी++ ने उघडण्यास नकार दिला. त्यावर सर्वत्र एक उपाय करण्यात आला. डॉसबॉक्स हा अनुकारक बसवून त्याच्या आत टर्बो सी++ चालविणे, हा तो उपाय. तो आम्हीही केला. निळा पडदा परत आला आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले.

वस्तुतः तो केवळ झाकला गेला होता. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले; टर्बो सी++ त्यापूर्वीचे आहे. त्यामुळे त्यावर शिकलेला विद्यार्थी ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ असे लिहितो, ‘व्हॉइड मेन’ लिहितो आणि पडदा पुसण्यासाठी ‘सीएलआरएससीआर’ वापरतो. आधुनिक कंपायलर यांपैकी पहिली फाइल ओळखत नाही, दुसरी गोष्ट चूक ठरवितो आणि तिसरे फंक्शन त्याच्याकडे नसतेच. परिणामी तीन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचा पहिल्या पानावरील प्रोग्रॅमदेखील बाहेरच्या जगात चालत नाही. शिवाय बीजीआयमध्ये वर्तुळ काढता येते, परंतु खिडकी उघडता येत नाही.

खिडकी भाषेच्या बाहेर का आहे ?

येथे मूळ मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. सी++ च्या प्रमाणकात बेरीज आहे, अक्षरमाला आहे, फाइल वाचणे आहे, क्रम लावणे आहे. परंतु खिडकी, बटण, माउस यांपैकी काहीही नाही. खिडकी ही कार्यप्रणालीची मालमत्ता होय. तिची मागणी कार्यप्रणालीकडे करावी लागते, आणि विंडोज, लिनक्स व मॅक यांच्याकडे मागणी करण्याची भाषा वेगवेगळी आहे. म्हणून आलेखी प्रोग्रॅमला कंपायलरखेरीज आणखी कोणीतरी लागतेच. ते एक तर कार्यप्रणालीची स्वतःची फंक्शने असतात किंवा त्यांवर उभारलेले एखादे साधनपेटीवजा ग्रंथालय असते.

प्रोग्रॅमच्या वर्तनातही फरक पडतो. अक्षरी प्रोग्रॅम स्वतः पुढाकार घेतो. प्रश्न विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, पुढे जातो. खिडकीचा प्रोग्रॅम गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखा असतो. कोण येईल, काय मागेल, हे त्याच्या हाती नसते. माउस दाबला गेला, खिडकी मोठी केली गेली, दुसरी खिडकी वरून सरकली, अशा प्रत्येक घटनेचा संदेश कार्यप्रणाली पाठविते आणि प्रोग्रॅम एका अखंड फेऱ्यात ते संदेश उचलून संबंधित फंक्शनकडे सोपवीत राहतो. विंडोजच्या मूळ फंक्शनांचा वापर करून केवळ एक रिकामी खिडकी दाखविण्यास साठ-सत्तर ओळी सहज लागतात. अक्षरी पडद्यावर अभिवादन छापण्यास पाच पुरतात. विद्यार्थी येथे दचकतो, हे स्वाभाविक आहे. परंतु माझ्या अनुभवात तो या ओळींनी अडत नाही. त्या ओळी कंपायलरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो अडलेला असतो.

तालिकापत्र व ग्रंथ

आपण ज्याला कंपायलर म्हणतो ती एक वस्तू नाही. ‘जी++’ ही आज्ञा दिली असता मागे किमान चार कारागीर ओळीने काम करतात. पहिला हेडर फाइली मूळ मजकुरात समाविष्ट करतो, दुसरा सी++ चे असेंब्ली भाषेत रूपांतर करतो, तिसरा त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि चौथा, म्हणजे लिंकर, सर्व तुकडे जोडून चालविण्याजोगी फाइल तयार करतो. विद्यार्थ्याला पडद्यावर दिसणारी चूक यांपैकी कोणी नोंदविली हे ओळखता आले की अर्धे काम होते. दुर्दैवाने आपण सिद्धान्ताच्या तासाला पहिल्या तिघांवर वीस व्याख्याने देतो आणि चौथ्याला एक परिच्छेद.

हेडर फाइल व लायब्ररी यांतील भेद समजावून सांगण्यासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची उपमा वापरते. हेडर फाइल म्हणजे तालिकापत्र. अमुक नावाचे फंक्शन आहे, त्याला इतकी व अशा प्रकारची माहिती द्यावी लागते, एवढेच त्यावर लिहिलेले असते. फंक्शन प्रत्यक्षात काय करते हा मजकूर मात्र लायब्ररी फाइलमध्ये, म्हणजे कपाटातील ग्रंथात असतो. कंपायलर केवळ तालिकापत्रे तपासतो. कपाटाकडे जातो तो लिंकर. म्हणून ‘हेडर फाइल सापडली नाही’ आणि ‘संदर्भ अपरिभाषित आहे’ या दोन तक्रारी सर्वस्वी भिन्न आहेत. पहिलीत पत्र मिळालेले नाही. दुसरीत पत्र मिळाले, पण ग्रंथ मिळाला नाही. या दुसऱ्या तक्रारीवर विद्यार्थी पुन्हा पुन्हा हेडर फाइलचे नाव तपासत बसतो. मीही पहिले दोन दिवस तेच करीत होते.

उदाहरणादाखल, खिडकीत मजकूर लिहिणारे ‘टेक्स्टआउट’ हे विंडोजचे फंक्शन घेऊ. त्याचे तालिकापत्र विंडोजच्या मुख्य हेडर फाइलीबरोबर मिळते, त्यामुळे कंपायलर समाधानी असतो. ग्रंथ मात्र ‘जीडीआय३२’ या लायब्ररीत आहे, आणि मिनजीडब्ल्यूचा लिंकर सांगितल्याशिवाय त्या कपाटाकडे जात नाही. ३२ बिट यंत्रणेत तक्रार येते ती टेक्स्टआउट या नावापुढे ‘ए’ व ‘ॲट २०’ अशी शेपटी लावून. ‘ए’ म्हणजे या फंक्शनची अरुंद अक्षरांची आवृत्ती. वीस हा आकडा म्हणजे त्याला द्यावयाच्या पाच बाबींचे प्रत्येकी चार याप्रमाणे बाइट. हा उलगडा झाला की भयप्रद दिसणारा संदेश वाचनीय वाटू लागतो. उपाय म्हणून आज्ञेच्या शेवटी ‘एमविंडोज’ हा पर्याय द्यावा. त्याने जीडीआय३२ सह आवश्यक ग्रंथ जोडले जातात आणि खिडकीमागे उघडणारा काळा पडदाही नाहीसा होतो.

याच कुळातील आणखी एक संदेश आमच्या प्रयोगशाळेत वारंवार आला. प्रोग्रॅम साधा, अक्षरी. आणि तक्रार मात्र ‘विनमेन ॲट १६’ सापडत नाही अशी. विद्यार्थिनीने हे नाव कोठेही लिहिले नव्हते. शोध घेता तिने ‘मेन’ हे नाव मोठ्या लिपीतील एमने सुरू केल्याचे आढळले. सी++ मध्ये ते निराळे नाव ठरते. लिंकरला मेन मिळेना, तेव्हा आलेखी प्रोग्रॅम असावा असे गृहीत धरून तो विनमेन शोधू लागला आणि तेही न मिळाल्याने तक्रार त्याच नावाची आली. देवनागरीत लहान-मोठ्या लिपीचा भेद नसल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची नजर या फरकावर सहजी पडत नाही. ही त्यांची उणीव मानण्याचे कारण नाही. पण शिक्षकाला ती ठाऊक असावी.

लायब्ररींच्या क्रमाचाही येथेच उल्लेख करावयास हवा. जीएनयूचा लिंकर आज्ञेतील नावे डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो आणि त्या क्षणापर्यंत ज्यांची मागणी नोंदली गेली आहे तेवढेच साहित्य प्रत्येक लायब्ररीतून उचलतो. मागणीचिठ्ठी देण्यापूर्वीच शिपाई त्या कपाटावरून पुढे गेला असेल तर तो मागे फिरत नाही. म्हणून लायब्ररीचे नाव तिची गरज असलेल्या फाइलीनंतर लिहावे लागते. सर्व नावे बरोबर असूनही केवळ क्रम उलटा असल्यामुळे माझा एक संपूर्ण शनिवार गेला.

एकाच घरात दोन कंपायलर

आता मांडणीकडे वळू. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रथम प्रसृत केला. विंडोजवर त्याचे रूप मिनजीडब्ल्यू या नावाने आले. पुढे ६४ बिट यंत्रणांसाठी मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. तो मोफत असल्यामुळे आम्ही त्याची निवड केली. फाइली उतरविणे अर्ध्या तासाचे काम होते. प्रत्यक्षात प्रयोगशाळा सुरळीत होण्यास एकोणीस दिवस लागले.

विंडोज एखादी आज्ञा कोठे शोधते हे ‘पाथ’ या पर्यावरणचलावर अवलंबून असते. त्यात फोल्डरांची यादी असते आणि पहिल्या फोल्डरात वस्तू मिळाली की शोध थांबतो. आमच्या काही यंत्रांवर पूर्वी कोणीतरी बसविलेल्या एका संपादक-प्रणालीबरोबर आलेला जुना जी++ होता, आणि यादीत त्याचे फोल्डर आधी होते. परिणामी आम्ही नवा कंपायलर बसविला, नव्याच्या लायब्ररी जोडल्या, आणि आज्ञा मात्र जुना पाळत होता. तीस यंत्रांपैकी अकरांवर प्रोग्रॅम चालेना, उरलेल्यांवर चाले. विद्यार्थ्यांनी ‘चांगली यंत्रे’ व ‘वाईट यंत्रे’ अशी विभागणी करून टाकली व चांगल्या यंत्रांसाठी लवकर येऊ लागले. ‘व्हेअर’ ही आज्ञा जी++ या नावापुढे दिली असता त्या नावाच्या सर्व प्रती क्रमाने दाखविल्या जातात. ही एक ओळ मला पहिल्या दिवशी माहीत असती तर आठवडा वाचला असता.

फोल्डरांच्या नावांविषयी एवढेच सांगते की मोकळी जागा असलेल्या किंवा देवनागरीत लिहिलेल्या नावाच्या फोल्डरात ही साधने बसवू नयेत. यातील अनेक साधने युनिक्सच्या परंपरेतून आलेली असून मोकळी जागा दिसली की नाव संपले असे समजतात.

साधनपेटीची निवड

विंडोजच्या मूळ फंक्शनांवर संपूर्ण प्रकल्प लिहिणे पदवीच्या विद्यार्थ्यास जड जाते. म्हणून साधनपेटी निवडावी लागते. मूळ जीआयएमपी या चित्रसंपादकासाठी घडविलेली जीटीके, नॉर्वेतून आलेली व १९९५ मध्ये प्रथम प्रसृत झालेली क्यूटी, आणि १९९२ मध्ये ज्युलियन स्मार्ट यांनी एडिनबर्ग विद्यापीठात आरंभिलेली डब्ल्यूएक्सविजेट्स हे प्रमुख पर्याय होत. क्यूटी सर्वांत समृद्ध आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या संकेत-प्रतिसाद पद्धतीसाठी कंपायलरपूर्वी ‘मॉक’ हा आणखी एक कारागीर चालवावा लागतो. तो चालला नाही तर व्हीटेबल अपरिभाषित असल्याची तक्रार येते आणि नवख्याला तिचा काहीही अर्थ लागत नाही. आम्ही डब्ल्यूएक्सविजेट्स स्वीकारली. कारण ती शुद्ध सी++ आहे आणि विंडोजवर विंडोजचीच बटणे दाखविते. या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. आमच्याच विभागात ते आहेत.

तयार लायब्ररी उतरवून घ्यावी व जोडावी, हा सरळ मार्ग वाटतो. तो फसतो, आणि त्याचे कारण तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या नावात त्याच्या बाबींचे प्रकार गुंफून एक लांबलचक नाव बनवितो. ही गुंफण कशी करावी हे प्रमाणकाने सांगितलेले नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर एक रीत पाळतो, जीसीसी दुसरी. त्यामुळे एकाने बनविलेली सी++ लायब्ररी दुसऱ्याच्या दृष्टीने अनोळखी लिपीतील ग्रंथ ठरते. मिनजीडब्ल्यूच्या आतही भेद आहेत. ३२ बिट व ६४ बिट हा एक. अपवाद हाताळण्याची पद्धत हा दुसरा, आणि तिच्या तीन पद्धती ड्वार्फ, एसजेएलजे व एसईएच या नावांनी प्रचलित आहेत. बिटांचा मेळ नसेल तर लिंकर लायब्ररी ‘विसंगत म्हणून वगळली’ असे म्हणतो आणि शेवटी ती सापडलीच नाही असे जाहीर करतो. लायब्ररी डोळ्यांसमोर फोल्डरात दिसत असताना ती सापडत नाही असे यंत्र म्हणते, तेव्हा माणूस स्वतःवर शंका घेऊ लागतो.

या सर्वांवर खात्रीचा उपाय एकच आहे. लायब्ररीचा मूळ मजकूर घेऊन, ज्या कंपायलरने प्रोग्रॅम बनवावयाचा त्याच कंपायलरने लायब्ररीही बनवावी. आमच्या यंत्रावर या कामास एक तासाहून अधिक वेळ लागला. त्यानंतरही ‘सेटअप डॉट एच’ ही हेडर फाइल सापडेना. वस्तुतः ती होती, पण हेडर फाइलींच्या फोल्डरात नव्हे, तर लायब्ररीच्या फोल्डरात. लायब्ररी कोणत्या पर्यायांनिशी बनविली याची नोंद त्या फाइलीत असते, म्हणून प्रत्येक बांधणीसाठी ती वेगळी तयार होते व त्या बांधणीजवळच ठेवली जाते. तालिकापत्र तालिकेच्या खणात न ठेवता ग्रंथाच्या कपाटातच चिकटवून ठेवावे, असा हा प्रकार. कारण कळल्यावर योजना योग्य वाटते. कारण कळेपर्यंतचे तीन दिवस मात्र कोणी भरून देत नाही.

लिनक्सवर हीच गोष्ट दोन-तीन आज्ञांत होते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तेथे कंपायलर, हेडर फाइली व लायब्ररी एकाच भांडारातून, एकमेकांशी मेळ घालून येतात आणि ‘पीकेजी-कॉन्फिग’ ही आज्ञा जोडावयाची नावेही सांगते. अलीकडे विंडोजवरही एमएसवायएस२ या संचाद्वारे अशी भांडारपद्धत उपलब्ध झाली आहे. आमची प्रयोगशाळा वाणिज्य शाखेबरोबर सामाईक असल्यामुळे आणि विद्यार्थ्यांच्या घरी असलेच तर विंडोजचे यंत्र असल्यामुळे पूर्णतः लिनक्सकडे वळणे शक्य झाले नाही.

परीक्षेच्या दिवशी काय घडले ?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. लायब्ररी दोन रीतींनी जोडता येते. पहिल्या रीतीत ग्रंथातील आवश्यक पानांची झेरॉक्स काढून ती प्रोग्रॅमच्या फाइलीतच बांधली जाते. ही स्थिर जोडणी. दुसरीत केवळ ग्रंथाचे नाव नोंदले जाते आणि प्रोग्रॅम सुरू होताना संदर्भ विभागातून तो ग्रंथ मागविला जातो. ही गतिशील जोडणी, आणि असा ग्रंथ म्हणजेच डीएलएल. गतिशील जोडणीने फाइल लहान राहते व एक ग्रंथ अनेकांना उपयोगी पडतो. परंतु दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात तो ग्रंथ असेलच असे नाही.

मिनजीडब्ल्यूने सामान्यपणे बनविलेल्या सी++ प्रोग्रॅमला ‘लिबएसटीडीसी++-६’ ही डीएलएल लागते. विंडोजबरोबर ती येत नाही. कंपायलरच्या फोल्डरात असते. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज प्रथम प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरात, मग कार्यप्रणालीच्या फोल्डरांत आणि शेवटी पाथच्या यादीत शोध घेते. आमच्या प्रयोगशाळेत कंपायलरचे फोल्डर पाथमध्ये होते, म्हणून बारा वाजता प्रोग्रॅम चालला. दुसऱ्या कक्षात कंपायलरच नव्हता, म्हणून चालला नाही. तिच्या प्रोग्रॅममधील एकही ओळ चूक नव्हती. आज्ञेत ‘स्टॅटिक’ हा एक शब्द घातला असता, किंवा ती डीएलएल व तिच्या सोबतच्या एक-दोन फाइली पेनड्राइव्हवर शेजारी ठेवल्या असत्या, तर खिडकी उघडली असती. हा शब्द आम्ही शिकविला नव्हता.

तिने जमा केलेला मूळ मजकूर विभागाकडे होता. पुढे मी तो जसाच्या तसा, स्थिर जोडणी करून पुन्हा बांधला आणि त्याच दुसऱ्या कक्षातील त्याच यंत्रावर नेला. फाइल आता कित्येक पटींनी मोठी झाली होती; पण ती पहिल्याच दाबेत उघडली. गुणपत्रिका तोवर निघून गेलेली होती. मी दूरध्वनी करून तिला हे कळविले. ती म्हणाली, “म्हणजे तो चालत होता ना, मॅडम?”

मराठी शीर्षकाचा प्रश्न

तिच्या प्रयोगवहीत आणखी एक नोंद होती. खिडकीचे शीर्षक मराठीत दिसत नसल्यामुळे रोमन लिपीत लिहिले आहे, अशी. ज्या प्रोग्रॅमचा उपयोग ग्रामपंचायतीत व्हावयाचा त्यात ही तडजोड लहान नव्हे.

युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा विभाग दिलेला असून यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत त्यातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘पाणीपट्टी’ या शब्दात काना, वेलांट्या व हलन्त धरून नऊ चिन्हे, म्हणजे सत्तावीस बाइट होतात. विंडोजच्या फंक्शनांची अरुंद आवृत्ती हे बाइट प्रचलित कोडपृष्ठानुसार एकेक अक्षर म्हणून वाचते, आणि पश्चिम युरोपीय कोडपृष्ठावर त्यांची विचित्र चिन्हांकित लॅटिन अक्षरे होतात. शीर्षकात अशी अक्षरे दिसली तर मजकूर शाबूत आहे, वाचन चुकले आहे, असे समजावे. प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र मूळ फाइल साठविताना ती यूटीएफ-८ मध्ये ठेवली गेली नसण्याचा संभव अधिक, आणि तसे असेल तर अक्षरे तेथेच नष्ट झालेली असतात. त्या स्थितीत पुन्हा टंकलेखन करण्यावाचून गत्यंतर नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटपद्धतीत टंकलेखन केलेला मजकूर हा तिसरा प्रकार. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

उपाय असा की मूळ फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी, ‘युनिकोड’ हे नाव प्रोग्रॅमच्या आरंभीच परिभाषित करावे, म्हणजे हेडर फाइली आपोआप फंक्शनांची रुंद आवृत्ती निवडतात, आणि मराठी मजकुरापूर्वी ‘एल’ हे अक्षर जोडावे. डब्ल्यूएक्सविजेट्सच्या आधुनिक आवृत्त्या युनिकोडवरच उभारलेल्या असल्यामुळे तेथे श्रम कमी पडतात. जोडाक्षरांची मांडणी विंडोज स्वतः करते. देवनागरीची ती सोय विंडोज २००० पासून उपलब्ध आहे.

चालू वर्षी पहिल्या सत्रातील आरंभीचे दोन प्रात्यक्षिक-तास आम्ही या कामासाठी राखून ठेवले. अभ्यासक्रमात त्यांना गुण नाहीत, त्यामुळे वेळापत्रकात त्यांची नोंद ‘उजळणी’ अशी करावी लागली. पहिल्या तासाला प्रत्येक विद्यार्थी कोऱ्या यंत्रावर स्वतः कंपायलर बसवितो, पाथ तपासतो व एक रिकामी खिडकी उघडतो. दुसऱ्या तासाला ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तो कंपायलर नसलेल्या वाणिज्य शाखेच्या कक्षात जातो. खिडकीचे शीर्षक प्रत्येकाने स्वतःच्या गावाचे नाव देवनागरीत ठेवावयाचे असते. पहिल्या तुकडीतील बावीसपैकी चौदा खिडक्या त्या कक्षात उघडल्या. उरलेल्या आठांची कारणे विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रयोगवहीत लिहिली आहेत.